चार अणूंचं चुंबक बांधायचं कसं: खानदेशातल्या नवशिक्यांसाठी

एम.एस्सी.ला हायझेनबर्ग मॉडेल (शेजारशेजारच्या स्पिनच्या ओढाताणीतून चुंबकत्व समजावणारं) शिकवून झालं की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, "पण हे खरंच कुणी बनवून पाहिलंय का भो, की नुसतं फळ्यावरच?" पाहिलंय. एकेक अणू उचलून, शेजारी शेजारी ठेवून, फळ्यावरच्या ऊर्जापातळ्या त्या साखळीत मोजूनही झाल्यात. २००६ साली आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या आल्माडेन प्रयोगशाळेत सायरस हिरजीबेहेदीन, क्रिस्टोफर लुट्झ आणि आंद्रेआस हाइनरिख यांनी मँगनीजच्या दहा अणूंपर्यंतच्या साखळ्या बांधल्या आणि प्रत्येक नव्या अणूबरोबर त्यांचं चुंबकत्व कसं बदलतं ते दाखवलं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ज्या पोरापोरींना या कामात शिरायचंय त्यांच्यासाठी हा लेख आहे. बी.एस्सी.चं क्वांटम मेकॅनिक्स झालेलं असावं, मॅट्रिक्सचा गुणाकार यावा आणि एक बरा लॅपटॉप असावा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: अणू हलवणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. फोटो त्याचेच छापून येतात म्हणून तेच अवघड वाटतं. काय बांधायचं हे ठरवण्यात आणि ज्यावर बांधायचं तो पृष्ठभाग तयार करण्यातच महिने जातात. म्हणून या लेखात अणू हलवायची पाळी बऱ्याच उशिरा येते.

आधी अणू निवडा, म्हणजे प्रश्न निवडा

कुठला अणू घ्यायचा हे ठरलं की कुठलं मॉडेल अभ्यासायचं तेही जवळपास ठरतं. तांब्यावर नायट्रोजनचा एक थर दिला की कॉपर नायट्राइडची पातळ चादर तयार होते. तिच्यावर बसवलेल्या मँगनीजचा स्पिन ५/२ असतो आणि त्याला कुठल्याही एका दिशेचं फारसं वेड नसतं. लोखंडाचा स्पिन २, पण त्याला एक ठरावीक अक्ष फार प्रिय, त्यामुळे तो बराचसा आयझिंग मॉडेलसारखा, वर किंवा खाली असा वागतो. कोबाल्टचा स्पिन ३/२. त्याची दिशेची आवड अशी असते की खालच्या दोन पातळ्या वेगळ्या पडतात आणि तो जणू अर्ध्या स्पिनचा होऊन बसतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या सँडर ओटे यांच्या गटाने २०१६ मध्ये याचाच फायदा घेऊन कोबाल्टच्या साखळ्यांवर क्वांटम संक्रमणाचा अभ्यास केला. आणि चांदीवरच्या मॅग्नेशियम ऑक्साइडवर टायटॅनियम ठेवला, तर निर्वात कक्षात उरलेला थोडासा हायड्रोजन त्याला चिकटतो आणि त्याचा स्पिन खरोखरचा १/२ होतो.

नवशिके बहुतेक वेळा लोखंडाकडे ओढले जातात, कारण २०१२ चा बारा अणूंच्या स्मृतीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात सहा-सहाच्या दोन रांगांमध्ये एकाआड एक उलटे स्पिन होते, आणि अर्ध्या केल्विनला ती मांडणी काही तास टिकत होती. प्रयोग देखणाच आहे. पण ती मांडणी टिकते याचा अर्थच हा की तिथे क्वांटम उलथापालथ जवळपास दाबून टाकलेली आहे. तुम्हाला क्वांटम चुंबकत्व शिकायचं असेल तर टायटॅनियमचा चौकोन घ्या. चार अणू, चार स्पिन, आणि तरीही वर-खाली बाणांचं कुठलंही एक चित्र त्याच्या तळपातळीला पुरत नाही.

वहीतला हिशेब

आता दोन स्पिन घ्या. हॅमिल्टोनियन म्हणजे विनिमय स्थिरांक जे गुणिले दोन्ही स्पिनचा अदिश गुणाकार. एकूण स्पिनच्या वर्गातून दोघांचे स्वतःचे वर्ग वजा करून निम्मे केले की हा गुणाकार मिळतो. म्हणजे ऊर्जा फक्त एकूण स्पिन एस वर अवलंबून राहते: जे/२ गुणिले एस(एस+१), आणि एक स्थिर संख्या वजा. एस शून्यावरून एकवर गेला की एस(एस+१) शून्यावरून दोनवर जातो, म्हणून सिंगलेट (एस शून्य) आणि ट्रिपलेट (एस एक) यांच्यातलं अंतर नेमकं जे भरतं. स्पिन १/२ असो की ५/२, उत्तर तेच.

प्रयोगात हेच थेट दिसतं. स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप (एसटीएम) या सूक्ष्मदर्शकाच्या टोकदार तारेतून अणूत शिरणारा इलेक्ट्रॉन एकूण स्पिन फार तर एकने बदलू शकतो. व्होल्टेज वाढवत नेलं आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जा जे इतकी झाली की प्रवाहाला एक नवी वाट मिळते आणि वाहकतेत पायरी दिसते. मँगनीजच्या जोडीत ही पायरी सुमारे ६ मिलीव्होल्टला आली, म्हणजे जे सुमारे ६ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. चुंबकीय क्षेत्र लावलं की ट्रिपलेट फुटतं आणि एका पायरीच्या तीन होतात. यामुळेच ती पायरी स्पिनची आहे, कंपनाची वगैरे नाही, याची खात्री पटते.

मँगनीजच्या तीन अणूंची सरळ साखळी स्वतः सोडवा. युक्ती अशी: मधल्या अणूचे बंध दोन्ही टोकांशी आहेत, म्हणून आधी टोकांचे दोन स्पिन एकत्र करा, मग त्यात मधला मिळवा. तळपातळीचा एकूण स्पिन ५/२ येईल, पहिली उत्तेजित पातळी २.५ जे वर (एकूण स्पिन ३/२) आणि दुसरी ३.५ जे वर (७/२). म्हणजे पहिली पायरी १५ मिलीव्होल्टच्या आसपास शोधायची. इथे सम-विषमाचा फरकही कळतो. सम अणूंच्या साखळीचा एकूण स्पिन शून्य, म्हणून शून्य व्होल्टेजजवळ शांतता. विषम साखळीला ५/२ चा स्पिन उरतो आणि शून्याजवळच हालचाल दिसते. परीक्षेला येईल न येईल, पण कागद-पेन्सिलीने काढलेला आकडा यंत्राच्या पडद्यावर बघायला मिळावा असे विषय भौतिकशास्त्रात फार नाहीत.

मग संगणकाकडे वळा. पायथॉनमध्ये, नमपाय वापरून, अर्ध्या स्पिनच्या तीन मॅट्रिक्स लिहा. क्रोनेकर गुणाकाराने चार अणूंसाठी त्या १६ बाय १६ च्या करा, चौकोनाच्या चार बाजूंचे चार बंध बेरजेत घाला आणि आयगेनमूल्यं काढा. जे एक धरला तर उत्तर असं यायला हवं: −२ एकदा, −१ तीनदा, शून्य सात वेळा आणि +१ पाच वेळा. तळाला −२ ऐवजी −१.६१६ आलं तर शेवटचा बंध जोडायचा राहिला आणि चौकोनाऐवजी साखळी सुटली असं समजा. ही चूक इतकी ठरलेली आहे की आकडाच पाठ करून ठेवावा. नंतर कर्णावरचे दोन बंध वेगळ्या जोराचे घाला, क्षेत्र घाला आणि पातळ्या कशा सरकतात त्याचा आलेख काढा. टायटॅनियमच्या अशाच दोन बाय दोनच्या चौकोनावर २०२१ मध्ये काई यांग आणि सहकाऱ्यांनी अनुनादी संयुजा-बंधाची अवस्था मोजून दाखवली. जोड्या आडव्या लावाव्यात की उभ्या याचा निकालच न लागता दोन्ही एकाच वेळी अस्तित्वात असतात, तीच ही अवस्था.

मोहात पडून अणू वाढवत जाऊ नका. अर्ध्या स्पिनचे १० अणू म्हणजे १,०२४ अवस्था, लॅपटॉपला चहा होईपर्यंतचं काम. १६ अणूंना ६५,५३६ होतात आणि पूर्ण मॅट्रिक्स साठवायलाच तीसेक गिगाबाइट लागतात, म्हणजे विरळ मॅट्रिक्सची पद्धत शिकणं आलं. मँगनीजच्या १० अणूंना तर सहा कोटींहून जास्त अवस्था होतात.

हवेतला एसटीएम घरी बांधा

स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप गेर्ड बिनिग आणि हाइनरिख रोहरर यांनी १९८१ मध्ये झुरिचला चालवून दाखवला आणि १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तत्त्व ओळीभराचं आहे: टोकदार तार पृष्ठभागापासून नॅनोमीटरहून कमी अंतरावर आणायची, थोडं व्होल्टेज द्यायचं आणि मधली पोकळी पार करून येणारा प्रवाह मोजायचा. अंतर एक दशांश नॅनोमीटरने वाढलं की प्रवाह साधारण दहापट घटतो. इतका तीव्र फरक असल्यामुळेच कॉलेजातल्या पोरांनाही हे यंत्र बांधता येतं. हवेत चालणाऱ्या यंत्राने चुंबक बांधता येणार नाहीत. पण हात इथेच बसतो, आणि पुढे लाखो रुपयांच्या यंत्रापुढे बसल्यावर पडद्यावरची कुठली रेघ खोटी ते ओळखता येतं.

हालचालीसाठी पिझो बझरची पितळी चकती घ्या. जळगावात गोलाणी मार्केटला किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही दुकानात विचारा, अगदी किरकोळ पैशात मिळते. तिच्या वरचा चंदेरी थर ब्लेडने खरवडून चार चतकोर करा. समोरासमोरच्या चतकोरांना उलट व्होल्टेज दिलं की चकती वाकते आणि तिच्या मध्यावरच्या काडीला बांधलेलं टोक बाजूला सरकतं; चारींना सारखं दिलं की वर-खाली होतं. टोकासाठी प्लॅटिनम-इरिडियमची बारीक तार पकडीने तिरपी ओढत कापायची. टंगस्टन स्वस्त पडतं, पण ते कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात वीज देऊन झिजवावं लागतं आणि हवेत त्यावर ऑक्साइड चढतो.

सगळा जीव प्रवर्धकात (अॅम्प्लिफायरमध्ये) आहे. कमी गळतीचा ऑप-अँप घ्या आणि फीडबॅकला १०० मेगाओहमचा रोध लावा, म्हणजे एका नॅनोअँपियरला ०.१ व्होल्ट मिळेल. या भागाला वीज दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरूनच द्या. इन्व्हर्टरवर चालवलात तर लोडशेडिंगच्या काळात पडद्यावर अणूंऐवजी इन्व्हर्टरच दिसेल. रोधाची तार आणि एसटीएमच्या टोकाची तार जोडली जाते तो सांधा हवेत ठेवा, सर्किट बोर्डला टेकू देऊ नका, आणि सगळं पत्र्याच्या डब्यात बंद करा.

कंपनासाठी कडप्प्याचा तुकडा आणि त्याखाली अर्धवट हवा भरलेली स्कूटरची ट्यूब. भुसावळात रुळांजवळ राहत असाल तर मालगाडी गेली की चित्रात कळेलच. मोजमाप रात्री उशिरा घ्या. उन्हाळ्यात तर पहाटेच. बाहेर ४४ अंश, खोलीचं तापमान तासागणिक बदलतंय आणि पंखा तर बंद ठेवायचा आहे, अशा वेळी नमुना टोकाखालून सरकत राहतो आणि अणूंची जाळी तिरपी, ताणलेली दिसते. मे महिन्यात यंत्र बांधा, चित्रं डिसेंबरात काढा.

नमुना म्हणून ग्राफाइट. चिकटपट्टी लावून ओढली की ताजा, सपाट थर मिळतो. ५० ते १०० मिलीव्होल्ट, एक नॅनोअँपियरच्या आसपास प्रवाह, आणि लहान चौकोन स्कॅन करा. ०.२४६ नॅनोमीटर अंतरावर ठिपके दिसले पाहिजेत. ग्राफाइटमध्ये खालच्या थरामुळे एकाआड एक अणूच उठून दिसतात, म्हणून षटकोनाऐवजी त्रिकोणी जाळी दिसली तर घाबरू नका.

पण ठिपके दिसले म्हणून लगेच ग्रुपवर फोटो टाकू नका. आधी स्कॅनचा वेग दुप्पट करा. ठिपक्यांमधलं अंतर बदललं तर ती ५० हर्ट्झची वीज आहे, अणू नाहीत. मग स्कॅनची दिशा ३० अंशांनी फिरवा. जाळी सोबत फिरली पाहिजे. तशीच राहिली तर दोष यंत्रात. शेवटी स्कॅनच्या चौकोनाची बाजू निम्मी करा, ठिपके दुप्पट मोठे व्हायला हवेत. या तिन्ही चाचण्या पुढे निर्वात कक्षातही कामी येतात.

प्रयोगशाळेत: निर्वात आणि पृष्ठभाग

दहाचा उणे सहावा घात टॉर या दाबाला, आदळणारे सगळे रेणू चिकटले असं धरलं तर, स्वच्छ पृष्ठभाग एका सेकंदात झाकला जातो. उणे दहाव्या घाताला त्याच कामाला पावणेतीन तास लागतात. म्हणून अतिनिर्वात हवं. शिवाय द्रव हेलियमने ४ केल्विनला आणलेल्या भिंती उरलेले वायूही शोषून घेतात, त्यामुळे बांधलेली रचना दिवसेंदिवस टिकते. पंप, बेकिंग (कक्ष तापवून आतला ओलावा काढणं), गळती शोधणं हे हाताखाली काम करूनच येतं, त्यावर लिहून फार उपयोग नाही.

पृष्ठभागाचं काम म्हणजे मशागत: पेरणी चटकन उरकते, नांगरटी-वखरणीलाच वेळ लागतो. तांब्याच्या एकस्फटिकावर आधी आर्गॉनच्या आयनांचा मारा करून वरचे घाण थर खरवडायचे, मग स्फटिक तापवून उखडलेला पृष्ठभाग पुन्हा सपाट करायचा. हे चक्र अनेकदा. त्यानंतर नायट्रोजनच्या आयनांचा मारा आणि पुन्हा तापवणं, म्हणजे नायट्राइडची चादर तयार होते. चांदीवर मॅग्नेशियम ऑक्साइड हवा असेल तर थोड्या ऑक्सिजनमध्ये मॅग्नेशियमची वाफ सोडायची. हा सगळा खटाटोप कशासाठी? चुंबकीय अणू थेट धातूवर ठेवला तर धातूतले इलेक्ट्रॉन त्याच्या स्पिनला सतत धडका देतात, कधी कधी तर सगळे मिळून त्याला झाकून टाकतात (कोंडो परिणाम तो हाच). मधला एक-दोन अणूंच्या जाडीचा थर स्पिनला श्वास घ्यायला जागा देतो आणि तरीही टोकातून आलेला प्रवाह पार जाऊ देतो. थर जाड केला तर प्रवाहच थांबेल.

मग थंडगार नमुन्यावरच अगदी थोडे अणू टाकायचे. गरम पृष्ठभागावर ते पळत सुटतात आणि एकमेकांना चिकटून ढेकळं होतात.

आता अणू हलवा

दोन रीती आहेत. पहिली ओढायची: टोक अणूच्या अगदी जवळ आणायचं, प्रवाह वाढवायचा, हळूच सरकायचं, अणू मागोमाग येतो. १९८९ मध्ये आयबीएमच्याच डॉन आयग्लर यांनी झेनॉनचे ३५ अणू असेच मांडून कंपनीची तीन अक्षरं लिहिली, आणि १९९३ मध्ये त्यांच्याच गटाने तांब्यावर लोखंडाच्या ४८ अणूंचं गोल कुंपण घातलं. दुसरी रीत उचलून ठेवायची: टोक जवळ नेऊन व्होल्टेजचा झटका दिला की अणू टोकाला चिकटतो, दुसरीकडे नेऊन उलट झटक्याने खाली सोडायचा. नायट्राइड आणि ऑक्साइडवर बहुधा हीच चालते.

प्रत्येक हालचालीनंतर चित्र घ्या. अणू जाळीच्या नेमक्या कुठल्या जागी बसला ते तपासा, कारण त्यावर जे ठरतो. मँगनीज तांब्याच्या डोक्यावर बसवला आणि नायट्रोजनच्या डोक्यावर बसवला, तर जे सुमारे निम्मा होतो. टोक बिघडलं तर ते रिकाम्या धातूत हलकेच खुपसून पुन्हा घडवायचं. स्पिन ओळखणारं टोक हवं असेल तर त्याच टोकावर लोखंडाचे काही अणू उचलून घ्यायचे आणि क्षेत्र लावायचं.

मोजमाप

पायरी किती पुसट दिसेल ते तापमान ठरवतं. रुंदी साधारण ५.४ गुणिले बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, म्हणजे ४.२ केल्विनला जवळपास २ मिलीव्होल्ट आणि अर्ध्या केल्विनला ०.२३. मँगनीजच्या जोडीची ६ ची पायरी हेलियमच्या साध्या तापमानालाही दिसेल. पण एका टेस्लामागे स्पिनची पातळी फक्त ०.११६ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्टने सरकते (जी, म्हणजे स्पिन क्षेत्राला किती दाद देतो तो गुणक, २ धरला तर). म्हणून क्षेत्रातलं फुटणं पाहायला खूप थंडी लागते. व्होल्टेजवर छोटी हलती लाट चढवून लॉक-इनने (फक्त त्याच लाटेच्या तालावरचा संकेत वेगळा काढणाऱ्या प्रवर्धकाने) वाहकता मोजतात. ती लाट पायरीच्या रुंदीपेक्षा मोठी ठेवलीत तर थंडीचा सगळा खर्च वाया गेला.

टायटॅनियमच्या चौकोनात जे अनेकदा या पायरीच्या रुंदीहूनही लहान असतो. तिथे २०१५ पासूनची रीत वापरतात: नेहमीच्या व्होल्टेजवर गिगाहर्ट्झची लाट चढवायची आणि एकट्या अणूचा इलेक्ट्रॉन स्पिन अनुनाद पाहायचा. एक गिगाहर्ट्झ म्हणजे फक्त ४.१ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, आणि इथे तापमानाचं बंधन पायरीसारखं आडवं येत नाही.

चौकोन बांधताना घाई करू नका. एका अणूचं मोजमाप आधी, मग दोघांचं, मग तिघांचं, मग चौघांचं. एकट्यावरून जी कळतो, जोडीवरून जे, आणि तिघांवर तुमच्या वहीतला हिशेब चुकला असेल तर तिथेच उघडा पडतो. प्रत्येक टप्प्यावर प्रवाह निम्मा करून पुन्हा मोजा. पायरी किंवा शिखर जागेवरून सरकलं तर चुंबकीय टोकच तुमच्या अणूला ढकलतंय, आणि तुम्ही चार अणूंऐवजी चार अणू अधिक टोक असं चुंबक मोजताय. बाजूला एक एकटा अणू तसाच सोडून ठेवा. टोक बदलल्याची शंका आली की त्याच्यावर जाऊन खात्री करता येते.

जायचं कुठे

उमवित (जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात) किंवा गावच्या कॉलेजात असाल तर पहिले दोन टप्पे, म्हणजे हिशेब आणि हवेतला एसटीएम, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टमध्ये आरामात बसतात. अति थंड तापमानाची ओळख करून घ्यायला इंदूरचं यूजीसी-डीएई कन्सॉर्टियम सोयीचं. विद्यापीठांतल्या संशोधकांना वापरता यावं म्हणूनच ते उभारलंय, आणि धुळ्याहून आग्रा रोडने सरळ. मार्गदर्शक सरांना किंवा मॅडमना सांगून अर्ज करायचा. मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) उन्हाळी कार्यक्रम आणि तीन विज्ञान अकादमींची मिळून दिली जाणारी उन्हाळी फेलोशिप या दोन्हींसाठी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातच तयारीत राहा, दुसऱ्या वर्षी उशीर होतो. पीएच.डी.साठी बाहेर पाहणार असाल तर डेल्फ्ट, हॅम्बर्ग आणि सोलच्या इव्हा विद्यापीठातलं हाइनरिख यांचं केंद्र, ही नावं आधी शोधा.

प्राध्यापकांना मेल लिहाल तेव्हा बायोडेटाच्या आधी दोन चित्रं जोडा: चौकोनाच्या पातळ्या क्षेत्राबरोबर कशा सरकतात तो तुमचा आलेख, आणि तुमच्या यंत्रावरचं ग्राफाइट, स्कॅन फिरवण्याआधीचं आणि फिरवल्यानंतरचं. मजकूर चार ओळींचा पुरे. कर्णावरचा बंध किती धरला आणि का, हे मात्र त्या चार ओळींत असू द्या. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येण्याची शक्यता जास्त.